भार सपाट करताना : प्रस्तावना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही फौंड्रीची पॅनेल रूम उघडली की कपॅसिटरचं एक कपाट दिसतं. मोटरीच्या वाइंडिंगमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, पॉवर फॅक्टर घसरतो आणि महावितरणचं बिल फुगतं. कपॅसिटर ही तूट भरून काढतो. मोटरीत त्यामुळे काहीच बदल होत नाही, ती पूर्वीइतक्याच जोराने फिरते. बदलतं ते केबलला आणि ट्रान्सफॉर्मरला दिसणारं भाराचं रूप. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर भरणाऱ्या कारागिराला हे वेगळं सांगावं लागत नाही.

या पुस्तकाचा विषय नेमका हाच आहे. मोटरीच्या जागी लाउडस्पीकर आहे एवढंच, आणि तसं पाहिलं तर लाउडस्पीकर हीही मोटरच आहे. चुंबकाच्या फटीत कॉइल आहे, करंट सोडला की ती हलते. गोल फिरण्याऐवजी ती पुढेमागे होते आणि शाफ्टऐवजी कागदाचा कोन ढकलते. फौंड्रीची मोटर जन्मभर ५० हर्ट्झवर चालते, म्हणून तिची भरपाई एका कपॅसिटरने भागते. स्पीकरला मात्र २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत सगळीकडे चालावं लागतं. ही शाखा एवढी मोठी झाली ती या एका फरकामुळे.

पॉल बुशेरो हा फ्रेंच अभियंता (१८६९–१९४३) दोन्हीकडे भेटतो. प्रत्यावर्ती विजेच्या जाळ्यात खरी शक्ती आणि प्रतिघाती शक्ती यांचा हिशोब वेगवेगळा मांडता येतो, हे सांगणारा सिद्धांत त्याच्या नावाने ओळखला जातो. पॉवर फॅक्टर सुधारण्याची सगळी गणितं त्यावर उभी आहेत. आणि आज बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड उलटे करून पाहिले, तर आउटपुटपाशी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एकामागोमाग जोडून ग्राउंडला नेलेले दिसतात. त्या जोडीला बुशेरो सेल म्हणतात. कारखान्याचा वीजहिशोब आणि अ‍ॅम्प्लिफायरचं टोक ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या नावावर आहेत. आपल्या कारागिरांना या विषयात शिरायला यापेक्षा सोपी वाट मला दिसत नाही, आणि लेखकानेही पुस्तक इथूनच सुरू केलं आहे.

आता प्रश्न असा, की सपाट करायचं तरी काय?

दुकानातून ‘८ ओहम’ छापलेला स्पीकर आणून त्याला मल्टिमीटर लावला तर आकडा सहाच्या आसपास येतो. बरेच जण इथेच स्पीकर खराब आहे म्हणून परत न्यायला निघतात. मल्टिमीटर फक्त तारेचा डीसी रोध सांगतो. छापलेला आकडा ही एक नाममात्र श्रेणी आहे. आयईसी ६०२६८-५ या प्रमाणकाप्रमाणे प्रत्यक्ष इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती करंटला होणारा एकूण अडथळा, त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ ओहमच्या खाली उतरू नये. वर कितीही चढायला त्याला मोकळीक आहे, आणि तो चढतोच.

एक उदाहरण घेऊ. डीसी रोध ६ ओहम, अनुनाद ४० हर्ट्झवर, विद्युत क्यू ०.५ आणि यांत्रिक क्यू ४ (क्यू म्हणजे अनुनाद किती टोकदार आहे याचं माप). या स्पीकरचा इम्पीडन्स ४० हर्ट्झवर ५४ ओहमला पोचतो. कारण तिथे कोन स्वतःच्या लयीत डोलत असतो आणि हलणारी कॉइल उलटा व्होल्टेज निर्माण करून करंटला अडवते. त्यापुढे आलेख खाली येऊन डीसी रोधाच्या थोडा वर स्थिरावतो. नंतर कॉइलचा इंडक्टन्स जागा होतो आणि आलेख पुन्हा चढणीला लागतो. इंडक्टन्स १ मिलिहेन्री धरला, तर कागदावरच्या हिशोबाने ३,००० हर्ट्झला हाच स्पीकर जवळपास २० ओहमचा होतो. ‘८ ओहम’ हा आकडा या सगळ्या प्रवासात दोन-तीन ठिकाणीच खरा असतो.

याने बिघडतं काय, हे नीट समजून घेतलं नाही तर पुढचं सगळं पुस्तक नुसत्या पाककृतींचं होईल. आधुनिक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ओहमच्या छोट्या अंशाइतका असतो. त्याला असा एकच स्पीकर थेट जोडला, तर टोकांवरचा व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायर ठरवतो. स्पीकरचा इम्पीडन्स ६ असो की ५४, आवाजाच्या समतोलात फरक पडत नाही. अशा जोडणीत समांतर भरपाई, म्हणजे स्पीकरच्या टोकांवर रेझिस्टर आणि कपॅसिटरची ‘झोबेल’ जोडी, लावली तर ऐकण्यात काहीच फरक पडणार नाही. ‘झोबेल लावला की आवाज गोड होतो’ असं छातीठोक सांगणारे लोक मला भेटलेले आहेत. त्यांच्या कानांबद्दल मी काही बोलत नाही, पण गणित त्यांच्या बाजूने नाही.

फरक पडतो तो अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये आणखी काही असेल तेव्हा. आणि बहुतेक वेळा मध्ये असतो तो क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज आणि तीव्र स्वर वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारं फिल्टर. पुस्तकी सूत्राने ८ ओहमसाठी ३,००० हर्ट्झचा पहिल्या ऑर्डरचा, वरचे स्वर अडवणारा लो-पास काढला, तर ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल येते. ती वरच्या उदाहरणातल्या स्पीकरला लावून पाहा. वरच्या स्वरांत स्पीकर स्वतःच १ मिलिहेन्रीची कॉइल झालेला असतो. दोन कॉइली एकामागोमाग, त्यामुळे व्होल्टेज त्यांच्यात ठरावीक प्रमाणात वाटला जातो, मग वारंवारता कितीही वाढो. स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज फार तर ३ डेसिबलने उतरतो आणि तिथेच थांबतो. दर सप्तकाला ६ डेसिबल घट द्यायला बसवलेलं फिल्टर अर्ध्यावर काम सोडून देतं! त्याच स्पीकरला ६ ओहमचा रेझिस्टर आणि सुमारे २८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागोमाग जोडून समांतर लावा. अनुनादाचं शिखर सोडलं तर फिल्टरला आता सपाट ६ ओहम दिसतो. त्या ६ ओहमच्या हिशोबाने कॉइल पुन्हा काढली की फिल्टर पुस्तकाप्रमाणे वागू लागतं. दोन सुटे भाग आणि भागाकाराचं एक सूत्र, इंडक्टन्स भागिले रोधाचा वर्ग, एवढ्यात हे होतं.

दुसरी जागा म्हणजे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स सहज दोन ओहमचा असू शकतो. मग ६ ओहमच्या जागी आवाज अडीच डेसिबलने दबतो आणि ५४ च्या शिखरावर जेमतेम पाव-एक डेसिबलने. स्पीकरच्या इम्पीडन्सचा आलेख असा थेट आवाजात उमटतो. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा तो फुगीर, गुबगुबीत खर्ज अनेकांना अजून आठवतो; त्यात लाकडी पेटीइतकाच या आलेखाचाही वाटा होता.

मागे वळून पाहिलं तर या विद्येचं मूळ आवाजाच्या यंत्रात नाही, टेलिफोनच्या तारेत आहे. इम्पीडन्स ही कल्पना ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ मध्ये मांडली. लांबच्या तारेवरून जाणारा आवाज विस्कटू नये म्हणून तारेचे गुणधर्म कसे जुळवावेत, हेही त्यानेच सांगितलं. पुढे अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीत जॉर्ज कॅम्पबेलने लोडिंग कॉइल आणि फिल्टर यांचा पाया घातला आणि ऑटो झोबेलने (१८८७–१९७०) त्यावर इमारत चढवली. १९२३ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये आलेला त्याचा फिल्टरवरचा लेख आणि १९२८ मधला स्थिर-रोध नेटवर्कवरचा लेख ही या क्षेत्राची आधारशिला. झोबेलची अडचण साधी होती. एका तारेवर एकापुढे एक अनेक दुरुस्ती-खंड जोडायचे, तर प्रत्येक खंड शेजाऱ्याला निव्वळ रोधासारखा दिसायला हवा. नाहीतर एक दुरुस्त करायला जावं आणि दुसरा बिघडावा. त्याने अशी नेटवर्कं रचली की आत काहीही चाललं असलं तरी बाहेरून ती एका रेझिस्टरसारखी दिसतात. स्पीकर त्याच्या डोळ्यांपुढे मुळीच नव्हता. आज जगभरचे स्पीकरवाले दोन सुट्या भागांच्या जोडीला त्याचं नाव देतात, हे थोडं गमतीचंच आहे.

स्पीकरची कथा शेजारीच, पण वेगळ्या रुळावरून चालली होती. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या, थेट हवा ढकलणाऱ्या स्पीकरचा आराखडा प्रसिद्ध केला. आज घरोघरी असलेला स्पीकर त्याच घराण्यातला. लगेच बोलपट आले आणि मोठ्या सभागृहात आवाज पोचवायची गरज पडली. एकाच कोनाला खर्ज आणि तीव्र दोन्ही झेपेनात, तेव्हा कामाची वाटणी झाली आणि वाटणी करणारा क्रॉसओव्हर आला.

इथे कोल्हापूरचा उल्लेख टाळणं शक्य नाही. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथे स्थापन झाली आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट इथेच तयार झाला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी विष्णुपंत दामले यांनी पेलली. यंत्राशी झटत शिकलेला तो माणूस होता. त्याआधीच्या पिढीने पॅलेस थिएटरात, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, कसल्याही वर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे गळे ऐकले होते. ऑगस्ट २०२४ च्या आगीत त्या वास्तूचं अतोनात नुकसान झालं. अशा सभागृहात नवी ध्वनियंत्रणा बसवायची वेळ येते तेव्हा ‘किती वॅट’ हा प्रश्न आधी विचारला जातो. ‘भार कसा आहे’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

पुढचा मोठा टप्पा ऑस्ट्रेलियातला. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये छिद्र असलेल्या पेटीतल्या स्पीकरवर लेख लिहिला. तो तिथल्याच नियतकालिकात पडून राहिला आणि १९७१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने पुन्हा छापल्यावर जगाच्या नजरेला आला. रिचर्ड स्मॉल यांनी सिडनी विद्यापीठात ते काम पुढे नेलं. या दोघांनी शिकवलेली महत्त्वाची गोष्ट अशी, की इम्पीडन्सच्या आलेखात स्पीकरची यांत्रिक ओळख दडलेली असते. अनुनाद कुठे, शिखर किती उंच, किती रुंद, एवढ्यावरून कोनचं वागणं आणि पेटीचं माप काढता येतं. म्हणून शिखर छाटायच्या आधी ते मोजून वहीत उतरवलं पाहिजे. उलट करणारा माणूस माहिती पुसून टाकतो.

सूत्रांच्या जगात पहिली तडजोड अशी निघाली, की रेझिस्टर डीसी रोधाच्या सव्वापट घ्यावा. वरच्या उदाहरणात मग साडेसात ओहम आणि १८ मायक्रोफॅरड येतात. ही सव्वापट नुसती अंदाजाची नाही. स्पीकरची कॉइल शुद्ध इंडक्टरसारखी वागत नाही, आणि त्याचं कारण उद्यमनगरात सहज समजेल. मोटरीचा गाभा पातळ स्टॅम्पिंगच्या थरांचा असतो, म्हणजे लोखंडात भोवरा-प्रवाह फिरू नयेत. स्पीकरचा मधला पोल मात्र बहुधा भरीव लोखंडाचा असतो. त्यात भोवरा-प्रवाह मनसोक्त फिरतात आणि इंडक्टन्स वारंवारतेबरोबर घटत जातो. इम्पीडन्स सरळ चढण्याऐवजी वर्गमुळाच्या चालीने चढतो, असं जॉन व्हँडरकुय यांनी १९८९ मध्ये दाखवलं. मार्शल लीच यांनी २००२ मध्ये प्रत्येक स्पीकरचा घातांक वेगळा धरणारं प्रतिरूप दिलं आणि २००४ मध्ये अशा ‘गळक्या’ इंडक्टन्सला साजेशी भरपाईची दोन नेटवर्कं सुचवली. माझ्या मते या विषयावरचं हे सर्वांत प्रामाणिक काम. साध्या जोडीने आलेख का लोंबतो आणि तो कसा सावरायचा, हे त्यात दोन्ही आहे.

या कामाच्याही आधी एक पंथ टोकाला गेला होता. इंग्लंडच्या केईएफ कंपनीने १९८४ च्या १०४/२ या मॉडेलमध्ये सगळ्या पेटीचा इम्पीडन्सच ४ ओहमला सपाट करून टाकला. अ‍ॅम्प्लिफायरला वाटावं, समोर स्पीकर नाहीच, नुसता रेझिस्टर आहे. अभियांत्रिकी म्हणून हे देखणं होतं. खर्च आणि सुट्या भागांची संख्या पाहता त्या वाटेने फारसे कुणी गेले नाहीत. दुसरा पंथ नेमका उलटा आणि आज तोच बळकट आहे. त्याचं म्हणणं, सपाट कशाला करता? प्रत्यक्ष मोजलेला वाकडातिकडा आलेख संगणकाला द्या आणि त्यालाच धरून क्रॉसओव्हर बेतून घ्या. दोघेही बरोबर आहेत. पहिला हातावर हिशोब करणाऱ्याच्या कामाचा, दुसरा लॅपटॉप उघडून बसणाऱ्याच्या.

खर्जाच्या शिखराबद्दल लेखक थोडक्यात आटोपतात आणि ते योग्यच आहे. वरच्या ४० हर्ट्झच्या उदाहरणात ते शिखर छाटायला सुमारे १२ मिलिहेन्रीची कॉइल आणि १,३०० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा बिनध्रुवी कपॅसिटर लागतो. तेवढ्या पैशात आणखी एक स्पीकर येईल. ट्विटरचं, म्हणजे तीव्र स्वरांच्या छोट्या स्पीकरचं, मात्र वेगळं आहे. १,००० हर्ट्झच्या अनुनादाला सुमारे एक मिलिहेन्री आणि पंचविसेक मायक्रोफॅरडमध्ये काम भागतं, आणि ते शिखर क्रॉसओव्हरच्या हद्दीला लागून असल्याने तिथे खर्च वाया जात नाही.

आता आजचं. कोल्हापुरात मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात; अमेरिकेतल्या त्याच नावाच्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. भिंत उभी राहिली की ती मर्यादा कुठल्या कुठे राहते. त्या वादात हे पुस्तक पडत नाही, पण भिंतीमागच्या विजेबद्दल त्याला बोलावंच लागतं. ८ ओहमच्या चार पेट्या समांतर जोडल्या की नाममात्र भार २ ओहम होतो आणि आलेखाच्या तळाशी १.६ पर्यंत उतरू शकतो. अ‍ॅम्प्लिफायर जळतात ते बहुधा इथेच. कुणी म्हणेल, मग झोबेल लावू. त्याचा उपयोग नाही. समांतर भरपाईने शिखरं छाटता येतात, दऱ्या बुजवता येत नाहीत. उलट जिथे भार हलका होता तिथेही तो जड होतो. तिथला उपाय पेट्या कमी करणं किंवा मालिकेत जोडणं, आणि तो सांगायला प्रस्तावनेची गरज नसावी.

नव्या काळाने दुसरीकडून एक घडी मोडली आहे. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या आधी डिजिटल क्रॉसओव्हर, अशी रचना स्वस्त झाली. तिथे फिल्टरला स्पीकर दिसतच नाही, त्यामुळे भरपाईचं कारणच उरत नाही. मात्र त्याच काळात क्लास-डीचे तळहाताएवढे बोर्ड बाजारात आले. त्यांच्या आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचं एक फिल्टर असतं आणि ते ठरावीक भार गृहीत धरून काढलेलं असतं. फीडबॅक त्या फिल्टरच्या आधीच घेतलेला असेल, तर स्पीकरचा इम्पीडन्स वर चढत जातो तसं हे फिल्टरही वरच्या टोकाला उसळी घेतं. म्हणजे एका दारातून गेलेला प्रश्न दुसऱ्या दारातून परत आला. शिवाय मंगल कार्यालयं, देवळं, शाळांची सभागृहं, दुरुस्तीला येणाऱ्या पेट्या या सगळ्यांत अजून साधा पॅसिव्ह क्रॉसओव्हरच असतो आणि पुढची कित्येक वर्षं असेल.

या पुस्तकाचा हेतू मर्यादित आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या, सोल्डरिंग जमणाऱ्या आणि लॉगॅरिदमला न घाबरणाऱ्या वाचकाने स्वतः इम्पीडन्स मोजावा, आलेख काढावा आणि भरपाई कुठे हवी, कुठे नको, हे स्वतः ठरवावं. एक ओळखीचा रेझिस्टर, सिग्नल जनरेटर आणि एसी मल्टिमीटर एवढ्यावर मोजणी होते. लॅपटॉपचं साउंड कार्ड असेल तर दुपारभराचं काम मिनिटावर येतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातली बुशेरो जोडी आणि स्पीकरची झोबेल जोडी या दिसायला सारख्या, पण कामाने वेगळ्या, ही गोष्ट लेखकाने पुन्हा पुन्हा सांगितली आहे. १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची पहिली जोडी दीडशे किलोहर्ट्झच्या पुढे काम करते आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वतःशीच शिटी मारू लागू नये याची काळजी घेते. ऐकू येणाऱ्या आवाजाशी तिचा थेट संबंध नाही. दुरुस्तीच्या टेबलावर तिचा रेझिस्टर काळा पडलेला दिसला, तर नुसता रेझिस्टर बदलून ग्राहकाला पाठवू नये. अ‍ॅम्प्लिफायर वरच्या वारंवारतेत कंप पावत होता, याची ती खूण असू शकते.

माझा लेखकाशी एका बाबतीत मतभेद आहे. सव्वापटीचं सूत्र त्यांनी आरंभीच दिलं आणि लीचच्या पद्धतीला शेवटी जागा दिली. नवशिक्याला सोपं आधी, हा त्यांचा युक्तिवाद मला कळतो, पण सोपं सूत्र हाती लागलं की माणूस मोजायचं सोडतो, हेही मी पाहिलेलं आहे. म्हणून ज्यांच्याकडे जुनी, उघडी करता येईल अशी एखादी पेटी आहे, त्यांनी मोजणीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि सूत्रांकडे नंतर यावं. कपॅसिटर बिनध्रुवी घ्या. रेझिस्टर पुरेशा वॅटचा घ्या, कारण वरच्या स्वरांतला करंट त्याच्यातूनच जातो आणि तो चांगलाच तापतो. तो फोमला किंवा प्लायला टेकणार नाही, असा बसवा.